साक्ष नोंदवण्याआधी: वंशसंहारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीस उत्तर

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करत असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, वंशसंहार आणि युद्धकाळातील लैंगिक हिंसाचार यांतून वाचलेल्या स्त्रियांसाठी, विशेषतः इराकमधील याझिदी या अल्पसंख्य धार्मिक समाजातील स्त्रियांसाठी, तिला मानवाधिकारांचे काम करायचे आहे. त्यांच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करून जगापुढे आणाव्यात, त्यातूनच पुढे न्यायालयात पुरावाही उभा राहील, असे तिच्या मनात आहे. ही सुरुवात योग्य ठरेल का, असा तिचा प्रश्न आहे.

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते मी सविस्तर देतो, कारण तुमचा हेतू चांगला आहे आणि चांगल्या हेतूने केलेल्या ध्वनिमुद्रणांनी या स्त्रियांचे किती नुकसान झाले आहे ते मी वकील म्हणून जवळून पाहिले आहे. कहाणी नोंदवणे हे या कामातले सर्वांत शेवटी करायचे काम आहे. ते कोणी करायचे, किती वेळा करायचे आणि कशासाठी करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे. आपले काम तिला तीच गोष्ट कमीत कमी वेळा सांगावी लागेल आणि सांगितल्याच्या बदल्यात तिच्या हाती काहीतरी ठोस पडेल, याची व्यवस्था करण्याचे आहे.

३ ऑगस्ट २०१४ रोजी इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेने उत्तर इराकमधील सिंजार या याझिदींच्या प्रदेशावर हल्ला केला. पुरुषांना आणि वयस्क स्त्रियांना मारून सामूहिक कबरींत पुरले गेले, आणि सहा हजारांहून अधिक स्त्रिया व मुले पळवून नेऊन त्यांतील मुली-स्त्रियांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री झाली. निसटून आलेल्या मुली इराकी कुर्दिस्तानातील दुहोक शहराच्या आसपासच्या निर्वासित छावण्यांत पोहोचू लागल्या, तेव्हा त्यांच्यामागोमाग पत्रकार, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, संशोधक, वेगवेगळ्या सरकारांचे प्रतिनिधी, असे सगळेच तिथे आले. प्रत्येकाला तीच गोष्ट पहिल्यापासून हवी होती. एकाने केलेली नोंद दुसऱ्याला ठाऊक नसे. काहींची छायाचित्रे चेहरा झाकून छापली गेली, परंतु डोळे दिसत राहिले आणि गावाचे नाव व भावंडांची संख्या इतके तपशील मजकुरात राहिले. सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहानशा समाजात ती मुलगी कोण हे समजायला तेवढे पुरेसे होते. तिच्या बहिणी अजून बंदिवासात असतील, तर तो मजकूर अपहरणकर्त्यांच्याही वाचनात येऊ शकत होता.

हा धोका भावनिक त्रासापुरता नाही, तो कायदेशीरही आहे. एका स्त्रीने सहा जणांना सहा वेळा हकीकत सांगितली की सहा वेगळ्या नोंदी तयार होतात. दुभाषी वेगळा, प्रश्न वेगळे, थकवा वेगळा. त्यामुळे एका ठिकाणी ‘तिघे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘चौघे’ असे लिहिले जाते. बचावपक्षाचा वकील उलटतपासणीत नेमके तेवढेच उचलतो. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात फुरुंदझिया या बोस्नियाई क्रोएट कमांडरवर चाललेल्या खटल्यात याहून कठीण प्रसंग उभा राहिला होता. बोस्नियातील एका महिला उपचारकेंद्रात साक्षीदार स्त्रीने मानसिक उपचार घेतल्याची कागदपत्रे सुनावणी संपल्यानंतर उघड झाली. बचावपक्षाने तिच्या स्मृतीच्या विश्वासार्हतेवरच प्रश्न उपस्थित केला आणि १९९८ मध्ये तो खटला पुन्हा उघडावा लागला. आघातोत्तर तणावाने ग्रस्त असलेली व्यक्तीही पूर्णपणे विश्वासार्ह साक्षीदार असू शकते, असे न्यायाधीशांनी अखेर स्पष्टपणे नोंदवले आणि आरोपी दोषी ठरला. परंतु तिने उपचारासाठी, विश्वासाने उघड केलेली गोष्ट न्यायालयात दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या हाती गेली, हे काही पुसले गेले नाही. उपचाराची नोंद आणि पुराव्याची नोंद यांत अंतर राखण्याचा आग्रह मी तेव्हापासून धरत आलो आहे, आणि एखादी संस्था समुपदेशकालाच जबाब लिहून घ्यायला सांगत असेल तर त्या संस्थेत काम करू नका, असे मी तुम्हाला आताच सांगून ठेवतो.

याचा अर्थ स्त्रियांनी बोलू नये असा कोणी घेऊ नये. त्या बोलल्या म्हणूनच कायदा बदलला आहे. रवांडातील १९९४ च्या वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चाललेला एक खटला पाहा. ताबा या परगण्याचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावरील मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि साक्षीला आलेल्या एका स्त्रीने, तिला त्याबद्दल विचारायला कोणी बोलावले नसताना, आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराविषयी सांगितले. पुढच्या साक्षीदार स्त्रीनेही स्वतःवरील अत्याचार सांगितला. तीन न्यायाधीशांच्या त्या खंडपीठात नवनीतम पिल्ले या एकमेव स्त्री होत्या. खंडपीठाने हे प्रश्न पुढे नेले, स्त्रीसंघटनांनी बाहेरून दबाव आणला आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने, एखादा समूह नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हे वंशसंहाराचेच कृत्य ठरू शकते, असे प्रथमच मान्य केले. निकालपत्रात त्या साक्षीदारांची नावे नाहीत, केवळ अक्षरे आहेत. जगाने त्यांचे चेहरे पाहिले नाहीत, आणि तरीही आज या विषयावरचा प्रत्येक खटला त्यांच्या शब्दांचा आधार घेतो. साक्ष परिणामकारक व्हायची तर ती जगजाहीर व्हावीच लागते असे नाही, हे मला त्या खटल्याने शिकवले.

आता संमतीबद्दल, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. संमती म्हणजे ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी घेतलेली सही, असा समज अजूनही आढळतो. छावणीत राहणाऱ्या, तंबू आणि शिधा संस्थांच्या हातून मिळवणाऱ्या स्त्रीला ‘नाही’ म्हणणे मुळातच कठीण असते. आपण नकार दिला तर औषध बंद होईल, परदेशात पुनर्वसनाच्या यादीतून नाव जाईल, असे तिला वाटत असते आणि कित्येकदा तसे वाटावे असेच वातावरण असते. म्हणून पहिल्या भेटीत काहीही लिहू नये. आपण कोण, आपल्याला पैसे कोण देते, ही माहिती कोठे साठवली जाईल, एखाद्या न्यायालयाने मागितली तर ती द्यावी लागेल का, ती पुढे कोणाकोणाच्या हाती जाऊ शकते आणि एकदा बाहेर गेल्यावर काय परत घेता येणार नाही, हे तिच्या भाषेत सांगावे आणि निघावे. तिने विचार करून, हवे तर कोणाशी बोलून, नंतर कळवावे. होकार दिला तरी मध्येच थांबण्याचा, एखादा भाग वगळण्याचा आणि उद्या मन बदलण्याचा तिचा हक्क कायम राहतो. एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झालेली ‘मुराद संहिता’, म्हणजे अशा वाचलेल्यांकडून माहिती घेणाऱ्यांसाठीची आचारसंहिता, हेच सांगते. तुम्ही ती पूर्ण वाचावी आणि तुमच्या संस्थेतील प्रत्येकाकडून वाचून घ्यावी. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा आहे: ही माहिती अन्यत्र आधीच उपलब्ध नाही ना? असेल, तर तिला पुन्हा विचारण्याचे कारण उरत नाही.

दुभाष्याची निवड हा किरकोळ मुद्दा समजला जातो, तसा तो नाही. याझिदी समाज प्रामुख्याने कुर्मांजी बोलतो. बंदिवासात ज्यांनी तिचा छळ केला त्यांतील अनेकांची भाषा अरबी होती. त्याच भाषेत तिला प्रश्न विचारले जाणे म्हणजे काय, याचा विचार करा. दुभाषी स्त्री असावी, पण ती तिच्याच गावची किंवा नात्यातली नसावी, कारण स्त्री दुभाष्यापुढे न लाजणारी बाईसुद्धा नातेवाईक दुभाष्यापुढे गप्प होते. शरीराच्या अवयवांसाठी, अत्याचारासाठी ती कोणते शब्द वापरते ते दुभाष्याने सौम्य करू नयेत. ‘त्याने मला त्रास दिला’ एवढाच अनुवाद झाला तर न्यायालयात त्या वाक्याचा काहीही उपयोग होत नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळातील एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. एका स्त्रीचा जबाब मी चार तास घेतला. तारखा, ठिकाणे, चेहऱ्यांच्या खुणा, सगळे काही नीट लिहून घेतले. उठताना तिने विचारले, “माझ्या धाकट्या भावाचे काय झाले, ते तुम्ही शोधणार ना?” मी तिच्या भावाचे नावसुद्धा लिहून घेतले नव्हते. ती चार तास बोलली होती ती भावाचा शोध लागावा म्हणून, आणि मी ऐकत होतो खटल्यासाठी. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ‘तुम्हाला काय हवे आहे?’ असा असतो आणि त्याची उत्तरे बहुतेक वेळा न्यायालयाबाहेरची असतात.

ती उत्तरे साधारण कशी असतात, हे तुम्हाला ठाऊक असावे. हरवलेल्या माणसांचा शोध हे सर्वांत वरचे. पळवून नेलेल्यांपैकी सुमारे अडीच हजार याझिदींचा पत्ता अजून लागलेला नाही. सिंजारमधील कोचो गावातील सामूहिक कबरी उकरण्याचे काम मार्च २०१९ मध्ये सुरू झाले आणि ओळख पटलेल्या १०४ जणांचे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच गावात विधिपूर्वक पुरले गेले. ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांचे रक्ताचे नमुने लागतात, ते देण्यासाठी प्रवासखर्च लागतो, परदेशी गेलेल्या नातेवाइकांचे नमुने आणावे लागतात. अशा कामात एका चिकाटीच्या कार्यकर्तीचा उपयोग दहा ध्वनिमुद्रणांपेक्षा अधिक होतो. त्यानंतर ओळखपत्रे. घर जळाले, वडील मारले गेले, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही. अशा स्त्रीला मुलाचे शाळेतले नाव घालण्यापासून जमिनीच्या हक्कापर्यंत प्रत्येक दारात अडवले जाते. त्यानंतर उपचार. अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक औषध आणि १२० तासांच्या आत गर्भधारणा टाळणारी गोळी देता येते, हे प्रत्येक कार्यकर्तीला पाठ असावे. मात्र वंशसंहारात पळवलेल्या स्त्रिया बहुधा कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी भेटतात, त्यामुळे जुन्या जखमा, वंध्यत्व, निद्रानाश यांवर दीर्घकाळ चालणारी सोय करावी लागते. काँगोमध्ये डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये बुकावू येथे सुरू केलेल्या पांझी रुग्णालयात शस्त्रक्रिया, मानसोपचार, कायदेशीर मदत आणि उपजीविकेचे शिक्षण एकाच छताखाली आणले गेले, ते याच अनुभवातून.

सर्वांत अवघड उत्तर मुलांविषयी असते. बंदिवासात झालेल्या मुलांना घेऊन परतणाऱ्या याझिदी आईसमोर दोन भिंती होत्या. इराकमधील नोंदणीच्या नियमांनुसार अशा मुलाची नोंद मुस्लिम म्हणून होते, आणि याझिदी धर्मात प्रवेश जन्मानेच, आई आणि वडील दोन्ही याझिदी असतील तरच मिळतो. बाबा शेख या धर्मगुरूंनी परतलेल्या स्त्रियांना समाजात सन्मानाने सामावून घेण्याची घोषणा केली, लालिश या याझिदींच्या तीर्थस्थानातील पवित्र झऱ्यावर त्यांचे शुद्धिस्नान झाले. जुन्या रूढीने ज्यांना कायमचे बाहेर ठेवले असते त्यांच्यासाठी हा निर्णय फार मोठा होता आणि त्याचे श्रेय त्या समाजाला दिलेच पाहिजे. पण एप्रिल २०१९ मध्ये याझिदी धर्मपरिषदेने सर्व वाचलेल्यांना स्वीकारण्याचे निवेदन काढले आणि काही दिवसांतच, बलात्कारातून जन्मलेली मुले त्यात येत नाहीत, असा खुलासा केला. कित्येक आयांना मूल किंवा घर यांतले एक निवडावे लागले. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने इथे समाजाला दोष देत फिरू नये, तसेच आईला ‘समाजाचे ऐका’ असाही सल्ला देऊ नये. तिला तिसरा मार्ग, म्हणजे तिला आणि मुलाला एकत्र आश्रय देणारा देश, शोधून देणे हे आपल्या आवाक्यातले काम आहे.

आता पुराव्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा तो दुसरा भाग आहे. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानुसार एखाद्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूहाला, पूर्णतः वा अंशतः, समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. अत्याचार झाला हे त्या स्त्रीच्या साक्षीने सिद्ध होते; हेतू मात्र फार क्वचित तिच्या साक्षीतून सिद्ध होतो. तो हल्लेखोरांच्या आदेशांतून, गुलामांच्या किमतींच्या पत्रकांतून, त्यांच्याच प्रचारपत्रिकांतून, एकाच पद्धतीने गावोगाव झालेल्या विभागणीतून उभा राहतो. म्हणजे तुम्हाला पुराव्यासाठी काम करायचे असेल, तर गुन्हेगारांचे कागद गोळा करणे, जुळवणे आणि सुरक्षित ठेवणे हे क्षेत्र मोकळे आहे आणि त्यात कोणाचीही जखम पुन्हा उघडावी लागत नाही.

खटले कोठे चालतात हेही समजून घ्या. इराक आणि सीरिया हे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्य नाहीत. इराकमध्ये हजारो आरोपींवर दहशतवादविरोधी कायद्याखाली, संघटनेचे सदस्यत्व एवढ्याच आरोपावर खटले चालले. त्यात बलात्कार वा गुलामगिरीचा आरोप जवळजवळ नसे, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना न्यायालयात बोलावलेही जात नसे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इस्लामिक स्टेटच्या गुन्ह्यांच्या तपासासाठी २०१७ मध्ये ठराव २३७९ द्वारे नेमलेले तपासपथक सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. याझिदींविरुद्धच्या वंशसंहाराबद्दल पहिली शिक्षा झाली ती जर्मनीत, फ्रँकफर्टच्या न्यायालयात, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी. पाच वर्षांच्या एका याझिदी मुलीला फलुजा येथे कडक उन्हात बांधून ठेवून मरू दिल्याचा तो खटला होता आणि आरोपीला जन्मठेप झाली. मुलीची आई जर्मन कायद्यानुसार खटल्यात सहवादी होती; तिला स्वतःची वकील होती, प्रश्न विचारण्याचा हक्क होता. साक्षीदार म्हणून बोलावले जाणे आणि पक्षकार म्हणून बसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणत्या देशात हा हक्क मिळतो, त्यासाठी अर्ज कसा करावा, हे ज्ञान तुम्ही आत्मसात केलेत तर त्या स्त्रियांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

भरपाईचे कायदे हे पाठपुराव्याचे खरे रणक्षेत्र आहे, असे माझे मत आहे, कारण बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला खटला कधीच येत नाही. इराकने १ मार्च २०२१ रोजी याझिदी वाचलेल्या स्त्रियांसाठीचा कायदा मंजूर केला. त्यात तुर्कमेन, ख्रिस्ती आणि शबाक या इतर अल्पसंख्य समाजांतील स्त्रियांचाही समावेश आहे, तसेच मासिक वेतन, जमीन, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत दोन टक्के राखीव जागा यांची तरतूद आहे. बंदिवासात जन्मलेल्या मुलांविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही. शिवाय अंमलबजावणी सुरू झाल्यावर, अर्जदार स्त्रीने आधी फौजदारी तक्रार नोंदवलेली असावी, अशी मूळ कायद्यात नसलेली अट लावली गेली. वर्षानुवर्षांपूर्वीचा, अनेकदा मेलेला किंवा नावही माहीत नसलेला आरोपी, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी पुन्हा एका अनोळखी अधिकाऱ्यापुढे सगळे सांगायचे! कोसोव्होमध्ये २०१८ पासून युद्धकाळातील लैंगिक हिंसाचारातून वाचलेल्यांना मासिक निवृत्तिवेतन मिळते, आणि तेथे मान्यताप्राप्त संस्थांमार्फत गोपनीय अर्ज करण्याची सोय ठेवली गेली. अशा दोन पद्धती शेजारी ठेवून मंत्रालयापुढे मांडणे, अट रद्द करून घेणे, अर्जाचा नमुना दोन पानांवर आणणे, हे काम वर्तमानपत्रांत झळकत नाही, पण त्याने शेकडो स्त्रियांची पुन्हा सांगण्यातून सुटका होते.

केवळ गौरवाने भागत नाही, याचे उदाहरण बांगलादेशात आहे. १९७१ चे युद्ध संपताच तेथील सरकारने अत्याचारित स्त्रियांना ‘वीरांगना’ हा किताब दिला. भावना आदराचीच होती. परंतु गावोगावी त्या शब्दाने स्त्री ओळखली जाऊ लागली आणि अनेकींच्या वाट्याला बहिष्कार आला. त्यांना मुक्तिसैनिक म्हणून मान्यता आणि त्यासोबतचा भत्ता मिळू लागला तो २०१५ मध्ये, चार दशकांनंतर, तोवर कित्येकजणी गेल्या होत्या.

इस्लामिक स्टेटच्या बंदिवासातून सुटलेल्या याझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांचे उदाहरण तुम्ही मनात धरले असणार. १६ डिसेंबर २०१५ रोजी त्या सुरक्षा परिषदेसमोर स्वतःच्या नावाने, उघड्या चेहऱ्याने बोलल्या, आणि २०१८ मध्ये त्यांना डॉक्टर मुक्वेगे यांच्यासोबत शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी तो मार्ग स्वतः निवडला. त्यांच्याकडे बोट दाखवून इतर स्त्रियांना ‘तुम्हीही बोला’ म्हणणे अन्यायाचे आहे. दक्षिण कोरियात किम हाक-सुन यांनी जपानी सैन्याच्या ‘कम्फर्ट स्टेशन’मधील, म्हणजे सैनिकांसाठी स्त्रियांना जबरदस्तीने डांबून ठेवलेल्या जागेतील, अनुभव १४ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीरपणे सांगितला, तेव्हा दुसरे महायुद्ध संपून ४६ वर्षे झाली होती. त्यांची ती वेळ त्यांनी ठरवली होती. मौन हाही निर्णय असू शकतो आणि त्याचे रक्षण करणे आपल्या कामात येते.

पुरुष आणि मुलगे यांच्यावरील लैंगिक हिंसाचाराचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही. बोस्नियातील बंदिछावण्यांत तो मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याची नोंद अनेकदा केवळ ‘छळ’ या शीर्षकाखाली झाली. तुम्ही स्त्रियांसाठीच काम कराल तरी, प्रश्नावल्यांतून त्यांना वगळू नका.

तुमच्या पहिल्या वर्षाबद्दल माझा सल्ला असा: कुर्मांजी शिका. सिंजारच्या स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या एखाद्या संस्थेत कागदपत्रांचे, अर्जांचे, पाठपुराव्याचे काम मागून घ्या. २००५ सालची संयुक्त राष्ट्रांची भरपाईविषयक तत्त्वे आणि युद्धकाळातील लैंगिक हिंसाचाराविषयीचा सुरक्षा परिषदेचा २०१९ चा ठराव २४६७ वाचा. त्या ठरावातून लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेचा उल्लेख व्हेटोच्या धमकीमुळे कसा गळाला, हेही पाहा, म्हणजे पुढे कोणत्या शब्दासाठी अडून बसायचे ते कळेल. आणि एक दिवस एखादी स्त्री स्वतःहून म्हणाली की तिला साक्ष द्यायची आहे, तर प्रशिक्षित तपासनीसाशी तिची गाठ घालून द्या, तिच्या जबाबाची प्रत तिच्यासाठी सुरक्षित ठिकाणी ठेवा, पुढचा फोन कोणत्या तारखेला कराल ते तिला सांगा, आणि त्या तारखेला सांगण्यासारखे काही नसले तरी फोन करा.